हिरव्याची हौस

थोरलीला कारखान्यातून काढलं, तेव्हा तिने रडारड केली नाही, की कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. आपले गमबूट उलटे करून त्यातलं पाणी ओतलं, ते पिशवीत घातले आणि ती फाटकाबाहेर पडली. तिला ओळखणाऱ्यांना यातच धोका दिसायला हवा होता. थोरली बोलत असली की काही नसतं. ती गप्प झाली की समजावं, प्रकरण तिने पोटात नेऊन ठेवलं आहे. आणि तिच्या पोटात काही नासत नाही.

प्रकरण होतं शेवाळाचं. सिमेंटच्या कारखान्याचं धुराडं जो वायू आभाळात सोडतं, तो टाक्यांच्या पाण्यात सोडायचा आणि शेवाळाला खाऊ घालायचा, असा तो उद्योग. ऐकायला इतका सोपा, की मालकीणबाई पहिल्याच बैठकीत हो म्हणाल्या होत्या. करायला घेतल्यावर कळलं, की धूर गरम असतो, तो आधी थंड करा. त्यात धूळ असते, ती गाळा. बुडबुडा जरा मोठा झाला तर शेवाळाच्या तोंडाशी थांबत नाही, सरळ वर येऊन फुटतो आणि वायू जायचा तिथेच जातो. ऊन नसेल तर शेवाळ जेवत नाही, धुराडं मात्र सूर्याला विचारून चालत नाही. आणि एवढं करून वाढलं तरी ते पाण्यातून काढायचं कसं? डोळ्याला न दिसणारे त्याचे कण. फडक्यात धरायला जावं तर फडकं बुजतं, तळाशी बसायची वाट पाहावी तर बसता बसत नाही. काढलं, वाळवलं, तरी ते कुठे पडून कुजलं की खाल्लेला सगळा वायू परत ओकून मोकळं.

बाहेरून विकत आणलेली शेवाळं लाडावलेल्या पाहुण्यांसारखी होती. जरा धूर लागला की माना टाकायची. थोरलीने मग भट्टीच्या मागे, जिथे थंड करायचं पाणी वाफाळत गटाराला मिळतं, तिथल्या भिंतीवरचा हिरवा लेप खरवडून आणला. ते शेवाळ धुरातच जन्मलेलं. बाटलीतून बादलीत, बादलीतून हौदात, हौदातून टाकीत असं ते तिने वर्षानुवर्षं वाढवलं, जसं विरजणाला विरजण लावत जावं तसं. लग्न तिने केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी खोचकपणे विचारलं तर म्हणायची, कारखान्यातल्या बाटल्यांच्या खोलीत येऊन पाहा, बाटलीबाटलीत लेकरं आहेत.

या कामावर तिने आपल्या धाकट्या बहिणीला आणलं, वाळवणीच्या शेडवर. आणि धाकटीचं लग्न झालं तेव्हा तिच्या नवऱ्यालाही आणलं. तो यंत्रांचा इंजिनिअर. थोरली त्याला जावईबापू म्हणायची, आधी लाडाने आणि नंतर दात धरून. माणूस अडाणी नव्हता, हे तीही कबूल करायची. धूर थंड करायची नळ्यांची सोय त्यानेच बसवली, बुडबुडे बारीक त्यानेच केले. पण जे वळवता येतं, जोडता येतं, पान्याने आवळता येतं, त्यावरच त्याचा विश्वास. शेवाळ जिवंत आहे हे त्याला माहीत होतं; पटलेलं नव्हतं.

एकदा टाकीत वाऱ्याने पाचोळा उडून आला. फाटकाजवळ शोभेच्या माशांचा हौद होता, तिथलं जाळं त्याने उचललं आणि पाचोळा काढला. न धुता, तसंच ओलं. त्या जाळ्यावर बसून माशांच्या हौदातले शेवाळखाऊ जीव टाकीत उतरले. इतके बारीक, की भिंगाखालीच दिसावेत. पण भूक अशी, की आठवड्याच्या आत टाकीतलं पाणी पिण्यासारखं स्वच्छ झालं. मालकीणबाईंनी सगळ्यांना टाकीपाशी उभं केलं आणि विचारलं, हे कशाने झालं. जावईबापू म्हणाला, "ताईंचं अलीकडे लक्ष नसतं."

धाकटी तिथेच होती. हातात वाळवणाची ताटली होती. जाळं कुणी आणलं हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने ताटलीकडे पाहिलं आणि ती ताटलीकडेच पाहत राहिली.

तेवढ्या एका वाक्यावर थोरलीची नोकरी गेली, आणि त्या दिवसापासून तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्याच टाकीपाशी, मालकीणबाईंसमोर, त्या माणसाने आपल्या तोंडाने म्हणावं: जाळं माझं होतं. बाकी पगार, पद, माफी, फुलांचा गुच्छ, यांतलं काही नको.

नोकरी तिला मिळाली ती पोहण्याचे तलाव सांभाळणाऱ्या एका माणसाकडे. श्रीमंतांच्या बंगल्यांतून फिरायचं आणि पाण्यात औषध टाकून शेवाळ मारायचं. "ज्यांना जन्म घातला त्यांच्याच नरडीला हात," असं ती शेजारणीला हसून सांगायची, आणि शेजारीण हसावं की नाही अशा पेचात पडायची. वर्षभर तिने हे केलं. मारता मारता एक फायदा झाला. शेवाळ कशाकशाने मरतं, हे तिला पुरतं कळलं.

मग एका दुपारी जावईबापू आणि धाकटी दारात. तो बोलत होता, धाकटी पंख्याच्या पात्यांकडे पाहत होती. टाक्या फिकट पडल्या आहेत, काही केल्या रंग धरत नाही. महिन्याभरात पाहुणे येणार आहेत, आणखी चार कारखान्यांचे लोक. त्यांना पसंत पडलं तर सगळीकडे अशाच टाक्या होतील. बाटल्यांच्या खोलीतली मूळ बाटली न् बाटली वाळून गेली. आता जे काही आहे ते टाक्यांतच. मालकीणबाईंना त्याने समजावलं आहे, मागचं मागे टाकायला त्या तयार आहेत.

मागचं मागे टाकायला तयार कोण, तर त्या. थोरलीने चहा केला, कपात ओतला, आणि बशीवर सांडलेला थेंब पुसून मग हो म्हणाली. अट एकही घातली नाही. जावईबापूला इतकं हलकं वाटलं, की जाताना त्याने तिला वाकून नमस्कार केला. धाकटीला मात्र हलकं वाटलं नाही. अट न घालणारी ताई तिने जन्मात पाहिली नव्हती.

खरं सांगायचं तर थोरली परत गेली तेव्हा तिच्याजवळ बेत असा नव्हता. नुसता राग होता, आणि त्याला बसायला जागा हवी होती. टाकीपाशी गेली आणि पहिल्यांदा तिला रागही आठवला नाही. पाणी आजारी माणसाच्या डोळ्यांसारखं पिवळट झालं होतं. तिने खत बदललं, चाकाची गती कमी केली. टाकीत एक मोठं लाकडी चाक पाणी ढवळत फिरायचं, ते जावईबापूने वेगाने लावून ठेवलं होतं, आणि शेवाळाचं पार पीठ होत होतं. दोन आठवड्यांत रंग परतला. कोवळा पोपटी, ऊन आत शिरेल असा.

रोज सकाळी ती हात बघायची. हा या कामातला जुना रिवाज, तिनेच पाडलेला. बाही कोपरापर्यंत सारायची, तळवा वर करून हात पाण्यात सोडायचा. कोपर पाण्याला टेकेपर्यंत बोटं पुसटशी दिसत राहिली तर ठीक. मनगट बुडतानाच बोटं नाहीशी झाली, तर त्या दिवशी काढणी करायची: टाकीतलं भरपूर पाणी शेवाळासकट काढून घ्यायचं, गाळायचं, हिरवा गाळ धाकटीकडे वाळवायला पाठवायचा आणि टाकीत ताजं पाणी सोडायचं. शेवाळ दाट झालं की वरचं खालच्याचं ऊन अडवतं. खालचं उपाशी राहतं. आणि उपाशी शेवाळ वायू घेत नाही, उलट पाण्यातला प्राणवायू ओढत बसतं. म्हणून ती सगळ्यांना सांगायची, टाकी फार हिरवी दिसली की आनंद मानू नका, घाबरा.

पण हे तिने जावईबापूला कधी सांगितलं नव्हतं. त्याने कधी विचारलं नव्हतं.

एका सकाळी तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, हात मागे बांधून, दुकानातली साडी पाहावी तसा टाकीकडे पाहत.

"जरा फिकं नाही वाटत ताई? पाहुण्यांना दाट आवडेल."

थोरलीचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. तिने तो लगेच काढला नाही. राग वर्षभर उभाच होता. आता त्याला खुर्ची मिळाली.

"दाट करता येईल की," ती म्हणाली. "काढणी थांबवली की झालं. खत थोडं जास्त."

"मग थांबवू या."

"तुम्ही म्हणाल तसं. तुमची नजर चांगली आहे जावईबापू. मी नुसती पाण्यात बघते, तुम्ही पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी बघता."

तो खूश झाला. तिच्या तोंडून असं काही त्याने लग्नापासून ऐकलं नव्हतं. त्याच दिवशी त्याने स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिलं: पाहुणे येऊन जाईपर्यंत काढणी बंद. खाली सही केली. थोरलीने ती सही पाहिली आणि घरी जाताना पायी गेली. बसमध्ये बसून राहण्याइतकं अंग शांत नव्हतं.

मग सुरू झालं कौतुक. लोक विष घालतात. थोरलीने वाहवा घातली. रोज सकाळी ती टाकीपाशी उभी राहायची आणि तो जवळून गेला की म्हणायची, काय रंग चढलाय. कधी म्हणायची, काल ढवळताना पाणी मखमलीसारखं वळत होतं. तो तासातासाने खाली येऊन पाहायला लागला. मालकीणबाईंना घेऊन आला, त्याही म्हणाल्या, छान. कारखान्यातले इतर लोक जेवणाच्या सुट्टीत टाकीजवळ उभे राहून फोटो काढायला लागले. थोरली रोज हात बघत होती. आधी कोपर टेकायच्या बरंच अगोदर बोटं जायची. मग मनगटाशी. मग तळवा पाण्याखाली जातो न जातो तोच हात कापून टाकल्यासारखा दिसेनासा व्हायचा. ती हात पुसायची आणि म्हणायची, वा.

तिचा हिशोब असा होता: टाक्या तीन. पाहुण्यांना दाखवायची ती पुढची, ती मरेल. मागच्या दोन तो बघायलाही जात नाही. तिथे ती गुपचूप थोडीथोडी काढणी करत होती, दोन बादल्या आज, चार उद्या, आणि तो गाळ कुणाला दिसू नये म्हणून बागेतल्या झाडांच्या मुळाशी ओतत होती. पुढची टाकी त्याच्यासाठी, मागच्या दोन स्वतःसाठी. सूड घ्यायचा, पण लेकरं वाचवून. इतका व्यवस्थित सूड आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही, असं वाटून तिला स्वतःचाच अभिमान वाटायचा.

पहिली बोलली धाकटी. वाळवणीच्या शेडमध्ये तिच्या ताटल्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या, धुतलेल्या, कोरड्या. थोरली फडकी घ्यायला आत गेली तर धाकटी दारात आडवी उभी राहिली.

"ताई, माझ्याकडे गाळ येत नाही."

"काढणी बंद आहे. फळा वाच. तुझ्या नवऱ्याचा हुकूम आहे."

"त्याला सुचवलं कुणी?"

"मी फक्त कौतुक केलं."

"तू?" धाकटी म्हणाली. "मी शाळेत पहिली आले तेव्हा तू म्हणालीस की बाकीच्यांनी अभ्यास केला नसेल. तू कौतुक करतेस?"

थोरलीला हसू आलं, ते तिने फडक्यांच्या गठ्ठ्यात लपवलं. धाकटी मात्र हसत नव्हती. तिने आवाज खाली आणला आणि विचारलं, मी सांगू का त्याला.

"सांग ना," थोरली म्हणाली. "तुला बोलता येतं, हे तरी कळेल."

धाकटीच्या चेहऱ्यावर ते बसलं. थोरलीला ते बसलेलं दिसलं, आणि तेव्हा तिला जरा उशिराने उमगलं, की इतके दिवस आपण जे धार लावून ठेवलं होतं, त्याचं टोक नुसतं जावयाकडे नव्हतं. धाकटी दारातून बाजूला झाली. त्या दिवशी ती नवऱ्याशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. का नाही, हे ती पुढे कधी सांगायची नाही. बहुतेक तिलाही नीट ठाऊक नसावं.

पाहुणे यायच्या दोन दिवस आधी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं राखाडी झाकण. थोरलीला हवं होतं तेच. दाट टाकी ऊन असेपर्यंत कशीबशी तग धरते; ऊन गेलं की वरचंही उपाशी आणि खालचंही उपाशी, आणि मग सगळी मिळून एकाच वेळी माना टाकतात. ती मागच्या टाक्यांकडे गेली, त्यांचं ठीक आहे ना ते पाहायला. हात सोडला. मनगटाशी बोटं गेली.

असं व्हायला नको होतं. तिने बादल्या भरभरून काढल्या होत्या. ती वाकून काठाने फिरली, आणि पाण्याखाली, तिसऱ्या टाकीच्या भिंतीत, तिला एक नवी जाड नळी दिसली.

जावईबापू तिथूनच चालला होता. ती नळी पाहते आहे हे पाहून तो अभिमानाने थांबला. तिन्ही टाक्या आतून जोडल्या आहेत, तो सांगू लागला, गेल्या हिवाळ्यातच. आता एकच पंप पुरतो, वीज वाचते. पाणी आपोआप सारखं होतं तिन्हींमध्ये. झडप ठेवली होती, पण ती गळायची, म्हणून काढूनच टाकली.

थोरली काठावर बसली. इतकी वर्षं या कामात, आणि टाक्या तीन आहेत हे तिने डोळ्यांनी मोजून घेतलं होतं; पाण्याला विचारलं नव्हतं. टाकी एकच होती. जे पुढे मरणार ते सगळीकडे मरणार होतं. बाटल्या वाळलेल्या. बाहेर कुठे थेंब नाही, आणि भिंतीवरून पुन्हा खरवडायचं तर पुन्हा तितकीच वर्षं.

अजून वेळ होता. आत्ता काढणी सुरू केली, अर्धं पाणी बदललं, तर निभावेल. पाहुण्यांना पोपटी टाकी दिसेल, थोडी फिकट, पण जिवंत. एवढंच सांगायचं होतं. ती उठली आणि जिन्याने वर त्याच्या खोलीकडे गेली. दार अर्धं उघडं होतं. आत तो आरशासमोर भाषण घोकत होता. ती दारावर टकटक करणार तोच तिच्या कानावर पडलं:

"आमच्या भट्टीमागच्या गटारात मला हे शेवाळ सापडलं, तेव्हा लोक हसले होते."

मला. थोरलीचा हात दारापासून बोटभर अंतरावर थांबला. त्या माणसाला त्या गटाराकडे जायची वाटसुद्धा माहीत नव्हती. ती तशीच मागे वळली आणि पाय न वाजवता जिना उतरली. खाली आल्यावर पुढच्या टाकीत तिने आणखी एक माप खत टाकलं.

पाहुणे आले त्या सकाळी फाटकापासूनच वास येत होता. पहिल्यांदा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग रुमाल निघाले. टाकीवर तपकिरी फेसाची साय आली होती, ती फिरत्या चाकाला चिकटून चिंध्यांसारखी लोंबत होती. मधूनमधून तळातून मोठा बुडबुडा वर यायचा आणि सावकाश, कंटाळल्यासारखा फुटायचा. हिरवं म्हणायला काही उरलं नव्हतं. मागच्या दोन टाक्यांचीही तीच गत. जावईबापू इस्त्रीच्या शर्टात काठावर उभा होता, हातात भाषणाचा कागद. थोरलीने ते सगळं डोळे भरून पाहून घेतलं. मेलेल्या टाक्यांकडे मात्र तिला फार वेळ पाहवेना.

मालकीणबाईंचा आवाज कधी चढत नसे. आत्ताही चढला नाही. त्यांनी विचारलं, हे कशाने झालं.

जावईबापूच्या तोंडून शब्द आले ते सवयीने आल्यासारखे. "टाक्या ताईंकडे होत्या. त्यांनी लक्ष..."

थोरलीने तोंड उघडलं. वर्षभर घासूनपुसून ठेवलेलं वाक्य जिभेवर होतं: फळ्यावर सही कुणाची ते बघा. पण तिच्या आधी दुसराच आवाज आला.

"काढणी मी बंद करायला लावली," धाकटी म्हणाली. वाळवणीच्या शेडमधून ती कधी आली होती कुणी पाहिलं नव्हतं. "वाळवायचं काम नकोसं झालं होतं. मी यांच्या मागे लागले. ताईचा काही दोष नाही. यांचाही नाही."

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. तिला आधी दया नाही आली, संताप आला. मागच्या वेळी बोलायचं तेव्हा ही ताटलीत डोळे घालून बसली, आणि आता बोलली ती माझ्या तोंडचा घास काढून घ्यायला. एका वाक्यात तिने नवऱ्याला वाचवलं, बहिणीला वाचवलं, आणि सूड उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. जावईबापूने सुटकेचा श्वास टाकलेला थोरलीला ऐकू आला. तो श्वास तिला सहन झाला नाही.

"खोटं बोलते ती," थोरली म्हणाली. "तिने काही केलं नाही. ती कधी काहीच करत नाही. हे मी केलंय."

सगळे वळले.

"बाई, टाकी जितकी हिरवी तितकी आजारी. हे मला ठाऊक होतं. यांना नव्हतं. यांना दाट हवं होतं, मी म्हटलं वा, होऊ द्या. रोज म्हटलं वा. टाकी रोज मरत होती आणि हे रोज फोटो काढत होते." ती पाहुण्यांकडे वळली. "तुम्ही धूर खाणारं शेवाळ बघायला आलात. बघा. खाल्लेला सगळा धूर आता ओकतंय. दिसायला छान म्हणून ठेवलं की असंच होतं. आणि मागच्या वेळी टाकी कशाने गेली तेही विचारा यांना. जाळं कुणाचं होतं विचारा."

मालकीणबाईंनी जावईबापूकडे पाहिलं. त्याची नजर खाली गेली, आणि खाली पाहायला त्याच्याकडे ताटलीही नव्हती. भाषणाचा कागद होता, त्याकडे तो पाहत राहिला. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

मालकीणबाई म्हणाल्या, दोघांनीही उद्यापासून यायचं नाही. मग त्यांना वास पुन्हा आला असावा, कारण त्यांनी रुमाल नाकाला लावून वाक्य दुरुस्त केलं. आधी हे साफ करायचं. दोघांनी. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मग यायचं नाही. पाहुण्यांना घेऊन त्या चहाला गेल्या. जाताना धाकटीला म्हणाल्या, तू इथे थांब आणि बघ हे नीट करतात की नाही.

पाणी सोडून दिल्यावर टाकीत ढोपरभर राहिला तो चिखल. काळा, तपकिरी, बुळबुळीत, आणि फावड्याने उचलला की असा वास सोडणारा की डोळ्यांतून पाणी यावं. थोरलीने गमबूट घातले. जावईबापूकडे नव्हते, त्याने इस्त्रीच्या विजारीचे पाय गुंडाळले आणि अनवाणी उतरला. उतरल्याउतरल्या त्याला ओकारी आली. थोरलीला वर्षभर पोहण्याच्या तलावांची सवय, तिला काही झालं नाही. तिने शांतपणे टाकी डोळ्यांनी दोन भागांत वाटली आणि उताराची, जिकडे सगळं वाहून येतं ती बाजू त्याला दिली.

धाकटी काठावर उभी होती. टाकीच्या भिंतीला, धूर आत येतो त्या नळीच्या तोंडाशी, नखाएवढा हिरवा डाग उरला होता. तो तिने चमच्याने खरवडून पेल्यात घेतला आणि कुणाला काही न सांगता पेला पदरामागे धरला. थोरलीने ते पाहिलं. फावडं जरा जोरात चालवू लागली, इतकंच.

अर्धी टाकी उपसून झाली. मग जावईबापू कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. घामाने आणि चिखलाने त्याचा चेहरा ओळखू येईनासा झाला होता.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं ताई. मला खरंच वाटलं होतं छान झालंय."

"माहीत आहे मला," थोरली म्हणाली. "वाटलंच पाहिजे होतं."

"बाटल्या वाळल्या तेव्हा मीही रडलो होतो. तुम्हाला खोटं वाटेल."

तिला खोटं वाटलं नाही, आणि तेच तिला आवडलं नाही. तिने फावडं टेकवलं.

"जाळं कुणाचं होतं?"

त्याने धाकटीकडे पाहिलं. धाकटी या वेळी दुसरीकडे पाहत नव्हती. सरळ त्याच्याकडे पाहत होती, पेला छातीशी धरून.

"माझं," तो म्हणाला.

"ऐकू आलं नाही."

"जाळं माझं होतं. मी आणलं. धुतलं नाही."

वर्षभर हेच वाक्य थोरलीने अंथरुणावर पडल्यापडल्या त्याच्या तोंडून वदवून घेतलं होतं, रोज नव्या सुरात. मनात दरवेळी मालकीणबाई असायच्या, सगळा कारखाना असायचा. खरं आलं तेव्हा ऐकायला होती एक बहीण आणि तीन टाक्या चिखल. ती थोडा वेळ थांबली, त्याची चव कशी लागते ते पाहायला. मग नाक ओढलं.

"उद्या बाईंच्या घरी जाऊन हेच सांगायचं. मी बरोबर येते. तुमचा विसरभोळेपणा मला माहीत आहे."

"येतो," तो म्हणाला.

"आणि गटार कुणी शोधलं तेही."

त्याने मान खाली घातली. हो म्हणाला. धाकटीने काठावरून सुस्कारा टाकला आणि म्हणाली, ताई, आता पुरे कर ना. बघ, किती थकलाय तो.

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. खरंच थकला होता. शर्टाची बाही फाटली होती, आणि उताराकडून चिखल हळूहळू परत त्याच्याच पायांशी जमत होता.

"कोपरा राहिलाय अजून," ती म्हणाली, आणि आपलं मोठं, जड फावडं त्याच्याकडे सरकवून त्याचं छोटं घेतलं.